दहा हजार लक्सचा दिवा आणि बेज्जूरचे ऊन

सूर्यप्रकाश पैसे मोजून विकत घेण्याची कल्पना मनुष्यजातीला बरीच उशिरा सुचली, आणि ज्या गावांत ती कदापि सुचली नसती अशा गावांची यादी करायची झाल्यास बेज्जूरचे नाव तिच्यात बरेच वर घालावे लागेल. तेलंगणाच्या उत्तर टोकाला, प्राणहितेच्या खोऱ्यातल्या अरण्यपट्ट्यात हे मंडलाचे गाव आहे. नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो, आणि रेल्वे गाठायची तर सिरपूर-कागजनगरला जावे लागते. २०१६ च्या ऑक्टोबरपर्यंत बेज्जूर आदिलाबाद जिल्ह्यात होते, नंतर ते कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. त्याआधी १९५६ मध्ये, हैदराबाद राज्याची भाषेच्या सूत्राने वाटणी झाली तेव्हा, आदिलाबादपैकी राजुरा आणि किनवट हे भाग तत्कालीन मुंबई राज्याकडे आले, उरलेला जिल्हा तेलुगू मुलखात राहिला आणि मराठी बोलणारी घरे सीमेच्या दोन्ही बाजूंना विखुरली. ऊन मात्र अविभाजित राहिले, कारण त्यात वाटा मागण्याचा उत्साह कोणत्याही पक्षाने दाखवला नाही.

अशा गावाच्या संदर्भात प्रकाशोपचाराच्या दिव्याचा विचार करणे प्रथमदर्शनी अनाठायी वाटेल. परंतु एखाद्या औषधाचे खरे स्वरूप ते जिथे लागते तिथल्यापेक्षा जिथे लागत नाही तिथे अधिक स्वच्छ दिसते, आणि शिवाय बेज्जूरच्या वाट्याला प्रकाशाविषयीचा जो अनुभव आला आहे तो स्टॉकहोमच्या किंवा टोरांटोच्या अनुभवापेक्षा कमी शास्त्रीय नाही. तो फक्त उलट बाजूने आलेला आहे.

हा दिवा म्हणजे पाटीच्या आकारापासून मोठ्या परातीच्या आकारापर्यंतची, आतून उजळणारी पांढरी तबकडी. तिच्यातून ठरावीक अंतरावर, म्हणजे साधारणपणे एक ते दोन फुटांवर, दहा हजार लक्स प्रकाश मिळावा अशी अपेक्षा असते. लक्स हे एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो याचे माप आहे: पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही भरत नाही, दिवाणखान्यात रात्री शंभर-दोनशे भरतात, बऱ्यापैकी उजेड असलेल्या कचेरीत तीनशे ते पाचशे, आणि भर दुपारी उघड्या माळावर सुमारे एक लाख. या दिव्यासमोर रोज सकाळी अर्धा तास बसायचे, प्रकाश डोळ्यांत जावा पण नजर दिव्यावर रोखू नये अशा बेताने तोंड ठेवायचे, आणि त्या अर्ध्या तासात वर्तमानपत्र वाचावे, न्याहारी करावी किंवा घरातल्यांशी बोलावे, एवढाच हा उपचार आहे. घरातल्यांशी बोलण्याचा उपचारावर काय परिणाम होतो याची नोंद संशोधकांनी स्वतंत्रपणे केलेली दिसत नाही.

ज्या विकारासाठी हा दिवा निघाला त्याला ऋतुनिगडित विषण्णता म्हणता येईल. दरवर्षी दिवस लहान होऊ लागले की काही माणसांना अकारण उदास वाटू लागते, झोप वाढते, भूक वाढते, कामात लक्ष लागत नाही, आणि वसंत आला की हे सारे आपोआप निवळते. थंड देशांतल्या लोकांना हे शतकानुशतके माहीत होते, तथापि त्याला रोगाची प्रतिष्ठा मिळाली ती १९८४ मध्ये, आणि ती मिळवून देणारा नॉर्मन रोझेन्थल हा मनोविकारतज्ज्ञ दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गच्या उन्हात वाढलेला होता. १९७६ मध्ये तो न्यूयॉर्कला आला, तिथल्या हिवाळ्यात त्याचा स्वतःचा उत्साह मावळू लागला, आणि या मावळण्याचा त्याने पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत पद्धतशीर अभ्यास केला. त्याच संस्थेत आल्फ्रेड लेवी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले होते की, रात्रीच्या अंधारात मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून स्रवणारे मेलॅटोनिन नावाचे द्रव्य अडीच हजार लक्सच्या प्रकाशाने थांबवता येते. हर्बर्ट कर्न नावाचा एक अभियंता या सुमारास संस्थेत आला. स्वतःच्या मनाच्या चढउतारांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी त्याने ठेवल्या होत्या, आणि त्या ऋतूंप्रमाणे हेलकावे खातात असे त्याला दिसून आले होते. त्याला हिवाळ्यात पहाटे आणि सायंकाळी तीव्र प्रकाशात बसवले गेले आणि थोड्याच दिवसांत त्याचा वसंत लवकर आला. नंतर १९८१ मध्ये एका वृत्तपत्रातल्या लेखातून असे आणखी रुग्ण असल्यास कळवावे असे आवाहन झाले तेव्हा हजारोंनी पत्रे आली. १९८४ च्या मूळ शोधनिबंधात त्यांपैकी निवडक २९ रुग्णांचा वृत्तांत आहे. वर्तमानपत्रातला मजकूर वाचून आपल्यालाही तोच आजार असल्याची खात्री पटणे ही प्रवृत्ती केवळ मराठी वाचकांची नाही, असे यावरून मानण्यास आधार मिळतो.

प्रकाश मनापर्यंत पोहोचतो कसा, याचे उत्तर मिळायला आणखी वीस वर्षे गेली. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज काही मोजक्या पेशी अशा आहेत की ज्या आकार ओळखत नाहीत, रंग सांगत नाहीत, फक्त बाहेर दिवस आहे की रात्र याची वर्दी मेंदूतल्या जैविक घड्याळाला देत राहतात. त्यांच्यातील मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य १९९८ मध्ये आणि त्या पेशींचे काम २००२ मध्ये उजेडात आले. मधल्या काळात मात्र विज्ञानाने एक रम्य वळण घेतले. १९९८ मध्येच ‘सायन्स’ या मान्यवर नियतकालिकात असा शोध प्रसिद्ध झाला की, गुडघ्याच्या मागच्या बाजूवर प्रकाश टाकला तरी शरीराचे घड्याळ मागेपुढे होते. अक्कल गुडघ्यात असते हे मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असल्यामुळे त्याला यात आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते, आणि धोतराचा काचा मारून दिवसभर शेतात राबणाऱ्या आदिलाबादकडच्या शेतकऱ्याला तर हा उपचार दोन्ही गुडघ्यांवर अव्याहत चालू होता. दुर्दैवाने इतर संशोधकांनी काळजीपूर्वक प्रयोग करून पाहिले तेव्हा गुडघ्यांनी काहीच दाद दिली नाही, आणि २००२ पर्यंत प्रकाशाचा मार्ग पुन्हा डोळ्यांवर येऊन स्थिरावला.

याहून कठीण अडचण वेगळीच होती. औषधाची परीक्षा घेताना काही रुग्णांना खरे औषध आणि काहींना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी द्यावी लागते, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णाला कळू द्यायचे नसते. गोळीच्या बाबतीत हे साधते. दिव्याच्या बाबतीत समोर बसलेल्या माणसाला दिवा लागला आहे की नाही हे न कळू देण्याची युक्ती अद्याप कोणाला सापडलेली नाही. त्यावर संशोधकांनी असा तोडगा काढला की, काही रुग्णांना दिव्याऐवजी हवेत ऋण विद्युत्भाराचे कण सोडणारे यंत्र द्यावे आणि ते आतून निकामी करून ठेवावे, म्हणजे ते नुसतेच चालू असल्याचा देखावा करील. १९९८ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात या निकामी यंत्रासमोर बसलेल्यांनाही चांगलाच गुण आला आणि सकाळच्या प्रकाशाचे श्रेष्ठत्व पहिल्या तीन आठवड्यांनंतर, तेही जे जवळजवळ पूर्ण बरे झाले त्यांच्या संख्येत, दिसू लागले. तालुक्याच्या ठिकाणी वर्षानुवर्षे नुसत्याच घरघरत उभ्या असलेल्या पाणी थंड करण्याच्या यंत्रातून गार पाणी मिळत नसूनही लोक त्याच्याजवळ थांबून समाधानाने पुढे जातात, त्यामागील मानसशास्त्र यापेक्षा फार निराळे नसावे. तरी पुढची परीक्षा दिव्याने मानाने उत्तीर्ण केली: कॅनडात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९६ रुग्णांच्या अभ्यासात दहा हजार लक्सचा अर्धा तास आणि फ्लुओक्सेटिन हे विषण्णतेवरचे प्रचलित औषध या दोहोंचा गुण सारखाच निघाला. तेव्हा दिव्याला थोतांड म्हणण्याची सोय राहिलेली नाही. तो खरोखर चालतो, जिथे तो हवा आहे तिथे.

तो कुठे हवा आहे, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सरळ नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या चार ठिकाणांची पाहणी झाली तेव्हा उत्तरेकडच्या न्यू हॅम्पशर राज्यातल्या नॅशुआ गावी या विकाराचे प्रमाण ९.७ टक्के आणि दक्षिणेकडच्या फ्लोरिडातल्या सॅरासोटा येथे १.४ टक्के आढळले. पहिले गाव जवळपास ४३ अक्षांशांवर, दुसरे २७ वर, आणि बेज्जूर १९ च्या किंचित वर. अंकगणितावर ज्यांची निस्सीम श्रद्धा आहे त्यांनी ही दोन गावे जोडणारी रेघ तशीच खाली ओढत आणली तर बेज्जूरला हे प्रमाण शून्याच्या खाली सुमारे तीन टक्के पडते. याचा अर्थ बेज्जूरच्या दर शंभर रहिवाशांपैकी तिघेजण हिवाळ्यात काहीही कारण नसताना प्रसन्न असतात. गणित हास्यास्पद आहे, निष्कर्ष मात्र निरीक्षणाशी जुळतो. डिसेंबरातल्या बेज्जूरमध्ये दिवस अकरा तासांचा असतो, सूर्य पावणेसातच्या आत उगवतो, आदिलाबादचा सारा पट्टा तेलंगणातला सर्वांत गारठ्याचा म्हणून गणला जातो, सकाळी शेकोट्या पेटतात, कापूस वेचला जात असतो आणि माणसे दुपारीही चक्क उन्हात उभी राहून एकमेकांशी बोलतात. मे महिन्यात हीच माणसे एकमेकांना सावलीतून हात करून पुढे जातात.

रेघ ओढणाऱ्यांचा मुखभंग आइसलँडने आधीच केला आहे. उत्तर ध्रुववृत्ताला टेकलेल्या या बेटावर अर्धी लोकसंख्या दिव्यासमोर बसलेली आढळावी अशी अपेक्षा होती. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथे हा विकार अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षाही कमी निघाला. २०१६ मध्ये तर अमेरिकेतल्याच काही संशोधकांनी मोठ्या राष्ट्रीय पाहणीची आकडेवारी तपासून विषण्णता आणि ऋतू यांचा काही संबंध आपल्याला सापडत नाही असे जाहीर केले, आणि ज्यांनी या विकारावर हयात घालवली त्यांच्यावर हिवाळ्याखेरीज उदास होण्याचे दुसरे कारण ओढवले.

निदानाच्या कसोट्यांकडे पाहिले तर चिंता आणखी वाढते. हिवाळी विषण्णतेत पिष्टमय आणि गोड पदार्थांची वासना वाढते, वजन वाढते, आणि अंथरुणातून उठवत नाही. ही कसोटी अक्षरशः लावायची तर डिंकाचे लाडू, तिळगूळ, गुळाची पोळी आणि लोण्याचा गोळा घेऊन आलेली बाजरीची भाकरी यांच्यासह जानेवारी साजरा करणारा अखिल महाराष्ट्र रुग्णालयात दाखल करावा लागेल, आणि पावसाळ्यात आभाळ भरून येताच कांदाभज्यांचा घाणा टाकणाऱ्या घरांसाठी निराळा कक्ष उघडावा लागेल. कालिदासाच्या यक्षाला आषाढाच्या आरंभी ढग पाहून जे झाले ते रामटेकच्या टेकडीवर झाले अशी परंपरा आहे, आणि रामटेक काही बेज्जूरपासून परदेशात नाही. परंतु यक्षाचे दुखणे पत्नीच्या विरहाचे होते, ढग केवळ निमित्ताला आला होता, आणि अशा दुखण्यावर तबकडी चालत नाही. वस्तुतः शास्त्रातली कसोटी यापेक्षा कडक आहे: विषण्णतेचा पुरा झटका लागोपाठ किमान दोन वर्षे त्याच ऋतूत यावा लागतो, ऋतू सरताच तो ओसरावा लागतो, आणि त्यामुळे माणसाचे रोजचे जगणे अडावे लागते. भज्यांनी जगणे अडत नाही.

मराठी माणसाची आणि या दिव्याची खरी गाठ पडली ती परदेशात. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. म्हणजे डिसेंबरात चार वाजता काळोख पडणाऱ्या गावांत मराठी घरे नांदू लागल्याला आता बराच काळ लोटला. अशा घरातल्या माणसाची शोकांतिका विशेष आहे, कारण त्याच्या सगळ्या बालपणाचा अभ्यासक्रम प्रकाशापासून बचाव कसा करावा हाच होता. उन्हात खेळू नकोस, काळा पडशील, टोपी घाल, पाणी पिऊन निघ, दुपारचा बाहेर पडू नकोस, झळ लागेल, ही वाक्ये विदर्भापासून आदिलाबादपर्यंत प्रत्येक आईने प्रत्येक मुलाला सांगितलेली असतात. ही शिकवण मनावर कोरून घेऊन जो मुलगा अभियंता झाला आणि स्टॉकहोमला गेला, तिथे त्याला डिसेंबरात सहा तासांचा दिवस, तोही बहुधा ढगाळ, वाट्याला आला, आणि डॉक्टरने सांगितले की, तुम्हांला ऊन कमी पडते. चाळीस वर्षे ज्याला चुकवले त्याचीच प्रतिकृती विजेवर चालवून तिच्यासमोर नियमाने बसणे, हा नियतीचा विनोद मराठी कुटुंबे फारशा कुरकुरीविना सहन करतात. कुरकुर करतात ती किमतीबद्दल.

घरात दिवा आल्यावर पहिला पेच जागेचा नसून वेळेचा उद्भवतो. मराठी घरात दिवा तिन्हीसांजेला लागतो, त्याला हात जोडले जातात आणि मुलांकडून शुभंकरोती म्हणवून घेतली जाते. हा दिवा मात्र सकाळीच लावायचा असतो, कारण सकाळचा तीव्र प्रकाश शरीराचे घड्याळ पुढे ओढतो आणि संध्याकाळचा ते मागे ढकलून रात्रीच्या झोपेचे वाटोळे करतो. भारतातून पाहुण्या आलेल्या आजी सवयीने सायंकाळी तो लावून त्याच्यापुढे हळदकुंकू ठेवतात, आणि घरातले सगळे रात्री दोनपर्यंत टक्क जागे राहतात, असा प्रसंग घडणे शास्त्राच्या दृष्टीने पूर्णतः संभाव्य आहे. दुसरा पेच गुणवत्तेचा. या दिव्यांतून अतिनील किरण मुद्दाम गाळून टाकलेले असतात, कारण ते डोळ्यांना आणि त्वचेला घातक असतात. परिणामी त्यांच्यापासून ड जीवनसत्त्व मिळत नाही, कातडी रापत नाही, आणि आजींच्या दृष्टीने सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे त्यांच्यासमोर पापड वाळत नाहीत. ज्या प्रकाशात कुरडई वाळत नाही तो प्रकाश माणसाचे काय भले करणार, हा आक्षेप कोणत्याही वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला नसला तरी त्याला समाधानकारक उत्तर देणे अवघड आहे. तिसरा पेच व्यापाऱ्यांनी निर्माण केला आहे: खोक्यावर दहा हजार लक्स छापलेले अनेक स्वस्त दिवे तो आकडा चार बोटांच्या अंतरावरच गाठतात, आणि तो मिळवायचा तर नाक तबकडीला लावून बसावे लागते, ज्यामुळे वर्तमानपत्राचे एकच अक्षर पण अतिशय प्रकाशमान असे दिसते.

आता बेज्जूरकडे परतावे. वैशाखातल्या दुपारी तिथल्या उघड्या शेतात एक लाख लक्स पडत असतील तर तबकडीचा अर्ध्या तासाचा प्रकाश निव्वळ हिशेबाने तीन मिनिटांत भरतो. शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाईपर्यंत स्टॉकहोमच्या माणसाची सकाळ पदरात पडते, आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे जंगलात शिरून ऊन चढेपर्यंत पाने खुडणाऱ्या बायकांच्या खात्यात तर कित्येक महिन्यांची ठेव जमा होत असावी. मात्र या संपत्तीचा बेज्जूरने केलेला विनियोग पाहण्यासारखा आहे. एकूण उद्योग प्रकाश अडवण्याचा आहे: डोक्याला शेला, दारापुढे मांडव, मांडवावर पळसाच्या किंवा ताडाच्या पानांचे आच्छादन, खिडकीला पोते, कूलरच्या ताट्यांना पाणी, पोटात आंबील आणि खिशात कांदा. अकरा वाजले की दारे लावली जातात आणि चारपर्यंत घराच्या आत असा गर्द काळोख राखला जातो की त्यात मांजरही चाचपडत चालावे. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो गावी सूर्य नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत दिसत नाही आणि लोक हळहळतात. बेज्जूरमध्ये ध्रुवीय रात्र मे महिन्यात रोज दुपारी पाच तास स्वखुशीने पाळली जाते, आणि तिच्यात गाढ झोप लागते.

नॉर्वेतच र्‍युकान नावाचे गाव अरुंद दरीत आहे, आणि हिवाळ्याचे सुमारे सहा महिने त्याच्या चौकात ऊन उतरत नाही. गावकऱ्यांना उन्हाचे दर्शन घेता यावे म्हणून १९२८ मध्ये डोंगरावर जाणारा दोरमार्ग बांधला गेला, आणि २०१३ मध्ये डोंगरावर उंच ठिकाणी संगणकाने फिरणारे तीन प्रचंड आरसे बसवले गेले. ते सूर्याचा माग काढत उन्हाचा एक तुकडा गावाच्या चौकात आणून टाकतात, आणि माणसे खुर्च्या घेऊन त्या तुकड्यात बसतात. हे आरसे बेज्जूरच्या ग्रामपंचायतीला नमुन्यादाखल भेट मिळाले तर ते उलटे करून बसवण्याचा ठराव बिनविरोध मंजूर होईल, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

इथे विज्ञान बेज्जूरच्या मदतीला धावून आले आहे, परंतु या मदतीची वार्ता फारशी कोणाला नाही. रोझेन्थलचाच सहकारी थॉमस वेर याने १९८७ मध्ये असे रुग्ण नोंदवले की ज्यांची विषण्णता हिवाळ्यात नव्हे तर उन्हाळ्यात येते. त्यांची झोप वाढत नाही, उडते, भूक मरते, आळसाऐवजी तगमग आणि चिडचिड होते. ही लक्षणे वाचताना बेज्जूरच्या वाचकाला मे महिन्यातल्या सबंध गावाचे चित्र डोळ्यांपुढे दिसेल, आणि विशेषतः वीज गेल्यावर कूलर थांबताच घरात जो संवाद होतो त्याचे. पण उन्हाळी विषण्णतेसाठी उपकरणांची बाजारपेठ काही उभी राहिली नाही. सावली खोक्यात भरून विकता येत नाही, आणि जी वस्तू कडुनिंबाखाली फुकट मिळते तिच्यावर संशोधनाला अनुदान मिळवणे फार कठीण जाते.

जंगलाने मात्र दोन्ही उपचारांचा मेळ घातला आहे. बेज्जूरच्या अरण्यात पेद्दवागू नदीच्या काठावर पालारापू नावाचा कडा आहे, आणि तिथे लांब चोचीच्या दुर्मीळ गिधाडांची वसाहत आढळल्यामुळे तो गेल्या काही वर्षांत प्रसिद्धीस आला. गिधाडांच्या कुळातले पक्षी सकाळी पंख पूर्ण पसरून सूर्याकडे धरतात, त्यामुळे रात्री गार झालेले अंग तापते आणि पिसे ताठ होतात, आणि ऊन कडक झाले की कड्याच्या कपारीत सावलीला जातात. सकाळची वेळ, ठरावीक मुदत, नजर सूर्यावर न रोखणे, आणि मुदत संपताच उठणे, हे सारे पथ्य ते कोणत्याही माहितीपुस्तिकेशिवाय पाळतात. मनुष्यांत याच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी केला. सूर्यनमस्कार त्यांनी स्वतः आयुष्यभर घातले, शाळाशाळांतून घालायला लावले, आणि १९३० च्या दशकात त्यांचा प्रचार इंग्लंडपर्यंत नेला. पहाटे उठणे, पूर्वेकडे तोंड करणे आणि अंगाला घाम येईपर्यंत न थांबणे, ही त्यांची मात्रा तबकडीपेक्षा स्वस्त आणि तबकडीपेक्षा कष्टाची होती, आणि दुसऱ्या कारणामुळेच पहिल्या कारणाचा फारसा उपयोग झाला नाही.

एवढ्या विवेचनानंतर एक गोष्ट हसण्याबाहेरची उरते. बेज्जूरला उदास होण्यासाठी सूर्याने दडी मारावी लागत नाही. कापसाचा भाव पडला, पाऊस चुकला, बियाणे उगवले नाही, प्राणहितेला पूर येऊन रस्ता तुटला आणि दवाखाना पलीकडे राहिला, की भर उन्हात माणसाच्या मनात काळोख पडतो. आणि अशा काळोखाला दहा हजार लक्सच काय, एक लाख लक्सही पुरत नाहीत, हे दर वैशाखात सिद्ध होते. ‘भरपूर ऊन असलेल्या देशात मनाचे आजार होत नाहीत’ हा समज सुशिक्षितांतही आढळतो, आणि तो निखालस चुकीचा आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला हिवाळ्यात खरोखरच त्रास होत असेल तर दिवा हा चांगला, कसाला उतरलेला उपचार आहे; मात्र दृष्टिपटलाचा विकार असेल, प्रकाशाने त्वचेवर प्रतिक्रिया उठवणारी औषधे चालू असतील, किंवा मन कधी अतिउदास व कधी अतिउत्साही होण्याचा आजार असेल, तर डॉक्टरला विचारल्यावाचून तो लावू नये, कारण शेवटच्या प्रकारच्या रुग्णांत प्रकाश उत्साहाचा भडका उडवू शकतो. आणि जो बेज्जूरला किंवा गडचिरोलीला राहतो, ज्याची झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेली आहे, ज्याला कशातच राम वाटेनासा झाला आहे, त्याने दिव्याच्या किमतीची चौकशी करण्यात वेळ घालवू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनीवरची मानसिक आरोग्यसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तिचा क्रमांक १४४१६ आहे, ती अहोरात्र चालते आणि तिथे बोलण्याचे पैसे पडत नाहीत. हा क्रमांक लावावा, आणि घरात दुसरे कोणी गप्प गप्प झालेले दिसले तर त्यालाही लावून द्यावा.